जॉन टेलरची दौड

सडकेच्या कडेला पूर्वी मैलाचे दगड असत. आता तिथे किलोमीटरचे दगड आले. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून मैलच बसलेला आहे. एका मैलाचे चार सारखे भाग केले, की एक भाग ४४० वारांचा होतो. मीटरमध्ये सांगायचे तर ४०० मीटरांहून थोडासा जास्त. रिकाम्या हाताने, बेताच्या चालीने एवढे अंतर चालायला आपल्याला चार-पाच मिनिटे लागतात. डोक्यावर पाण्याची घागर असली तर त्याहून जास्तच.

हेच अंतर एका माणसाने १९०७ साली पन्नास सेकंदांच्या आत कापले. नेमके सांगायचे तर ४८ सेकंद आणि वर एका सेकंदाच्या पाच भागांपैकी चार भाग. त्या काळी शर्यतीची वेळ हातातल्या घड्याळावर मोजत, आणि त्या घड्याळात सेकंदाचे पाच भाग केलेले असत. म्हणून हा असा हिशेब.

त्या माणसाचे नाव जॉन बॅक्स्टर टेलर. तो अमेरिकेतला. वर्णाने काळा. सव्वीस वर्षे आणि एक महिना एवढेच आयुष्य त्याला मिळाले. तेवढ्यात तो काय करून गेला, ते आता आपण वाचू.

गुलामांचा मुलगा

अमेरिकेत फार वर्षे काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवीत. आफ्रिकेतून त्यांच्या वाडवडिलांना जहाजात कोंबून आणले होते. बैल विकावा तसा माणूस विकला जाई. बाप एका मळ्यात, आई दुसऱ्या मळ्यात आणि पोर तिसऱ्याच्या दारात, असेही होई. पुष्कळ राज्यांत तर गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता! १८६५ साली त्या देशाचा कायदा बदलला आणि गुलामगिरी संपली.

जॉन टेलरचे आईबाप ह्या गुलामगिरीतून सुटलेले. जॉनचा जन्म ३ नोव्हेंबर १८८२ चा, वॉशिंग्टन शहरातला. म्हणजे गुलामगिरी संपल्याला तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. पुढे हे कुटुंब फिलाडेल्फिया ह्या मोठ्या शहरात राहायला गेले. जॉन तिथल्या सरकारी शाळेत शिकला आणि १९०२ साली शाळेची शेवटची परीक्षा पास झाला.

कायद्याने गुलामगिरी गेली, पण माणसाच्या मनातून ती एका दिवसात जात नाही. हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. तिकडेही तसेच होते. अनेक ठिकाणी काळ्यांची शाळा वेगळी, गाडीचा डबा वेगळा, वस्तीही वेगळी. अशा दिवसांत काळ्या आईबापांचा मुलगा मोठ्या कॉलेजात पोचणे ही सोपी गोष्ट नव्हती.

टेलर पोचला. आधी एक वर्ष त्याने कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळेत काढले. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याचे नाव दाखल झाले. पहिल्यांदा त्याने व्यापार आणि पैशाच्या हिशेबाचे शिक्षण घेतले. पुढे ते सोडून तो त्याच विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेत गेला. म्हणजे गुरांचा डॉक्टर व्हायला निघाला.

मोठ्या शहरात गुरांचा डॉक्टर कशाला, असे कोणी विचारील. तर त्या वेळी शहरसुद्धा घोड्यावर चाले, बरं का! दुधाची गाडी, बर्फाची गाडी, कोळशाची गाडी, आग विझवायचा बंब, सगळ्यांना घोडा जुंपलेला असे. मोटारी नुकत्याच कुठे दिसू लागल्या होत्या. घोडा आजारी पडला की गाडीवाल्याची चूल थंड. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरला शहरात मान होता आणि कामही भरपूर होते. टेलरने निवडलेला धंदा पोट भरणारा होता. नुसते पळून पोट भरत नाही, हे त्याला ठाऊक असावे असे आम्हांला वाटते. त्या काळी हौशी धावपटूला शर्यतीचे पैसे घेता येत नसत. बक्षीस म्हणजे पेला किंवा पदक.

मैलाचा पाव हिस्सा

आता त्याच्या पळण्याबद्दल सांगतो.

शंभर मीटरची शर्यत म्हणजे छाती भरून घ्यायची आणि सुटायचे. काय होते आहे ते कळायच्या आत ती संपते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत माणूस दम राखून, बेताबेताने पळतो. चारशे मीटरची शर्यत ह्या दोन्हींच्या मधली, आणि म्हणूनच फार कठीण. इथे दम राखायला सवड नसते, आणि सगळा जोर पहिल्यांदाच लावला तर तो शेवटपर्यंत पुरत नाही. तीनशे मीटर होईतो पाय मणामणाचे होतात. मांड्या पेटतात. डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटचे शंभर मीटर पळायचे ते असे.

टेलर अंगाने उंच. त्याची ढांग चांगली लांब पडे. सुरुवातीला तो मागे असला तरी शेवटच्या टप्प्यात लांब ढांगा टाकीत पुढच्यांना गाठी.

अमेरिकेत कॉलेजांच्या मुलांच्या शर्यती दर वर्षी होत. १९०४ साली टेलरने ४४० वारांची ही शर्यत ४९ सेकंद आणि एक-पंचमांश ह्या वेळात जिंकली. १९०७ साली पुन्हा जिंकली, तीच ती ४८ सेकंद आणि चार-पंचमांशाची. १९०८ साली तिसऱ्यांदा जिंकली. त्याच वर्षी पशुवैद्यक शाळेची पदवीही हाती आली. विद्यापीठात माइक मर्फी नावाचे नामांकित शिक्षक धावपटूंना तयार करीत. त्यांच्या हाताखाली टेलर शिकला.

१९०८ साली ऑलिंपिकचे सामने लंडनला व्हायचे होते. जगातल्या देशांचे खेळाडू ह्या सामन्यांत भाग घेतात. अमेरिकेच्या संघात टेलरची निवड झाली आणि जहाजातून समुद्र ओलांडून तो लंडनला गेला.

लंडनची शर्यत

२३ जुलै १९०८. चारशे मीटरची शेवटची शर्यत. उभे राहिलेले चौघे. त्यांतले तिघे अमेरिकेचे : कार्पेंटर, रॉबिन्स आणि आपला टेलर. चौथा इंग्लंडचा, लेफ्टनंट विंडहॅम हाल्सवेल. हा फौजेतला अधिकारी, आणि पळायला मोठा जबरदस्त.

आज ह्या शर्यतीत प्रत्येकाला वेगळा पट्टा आखून देतात. शाळेच्या मैदानावर गुरुजी फक्कीच्या रेघा मारतात, तसा. आपला पट्टा सोडून दुसऱ्याच्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही. पण त्या दिवशी लंडनला रेघा नव्हत्या. चौघांनी एकाच मोकळ्या वाटेवरून पळायचे होते. अशा वेळी कोण आत, कोण बाहेर, कोणी कोणाला कशी वाट द्यायची, असे प्रश्न उभे राहतात. त्यातून अमेरिकेचे नियम वेगळे आणि इंग्लंडचे वेगळे. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याची वाट अडवणे हा गुन्हा. अमेरिकेत त्या बाबतीत एवढी कडक नजर नव्हती. सामने इंग्लंडमध्ये, नियम इंग्लंडचा आणि पंचही इंग्लंडचेच!

शर्यत सुटली. शेवटच्या सरळ वाटेवर रॉबिन्स आणि कार्पेंटर पुढे होते. हाल्सवेल बाहेरच्या बाजूने त्यांना मागे टाकायला निघाला. तो बाहेर सरकला तसा कार्पेंटरही बाहेर सरकला. तो आणखी सरकला, हाही आणखी सरकला. असे करता करता हाल्सवेल वाटेच्या पार कडेला गेला. हाल्सवेलने नंतर सांगितले, की कार्पेंटरचे कोपर माझ्या छातीला लागले.

वाटेत उभे असलेले पंच ओरडू लागले. शेवटी आडवी धरलेली फीत त्यांनी कार्पेंटर येण्याच्या आतच तोडून टाकली. ‘शर्यत रद्द!’ टेलर मागून येत होता. त्याला तर पंचांनी वाटेतच थांबवले. मैदानावर एकच गोंधळ उडाला. अमेरिकेचे लोक म्हणाले, आमच्या माणसाने काही केले नाही. इंग्लंडचे लोक म्हणाले, आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पंच बसले. त्यांनी निकाल दिला, तो असा : कार्पेंटर बाद. उरलेल्या तिघांनी दोन दिवसांनी पुन्हा पळावे, आणि ह्या वेळी वाटेवर दोऱ्या लावून प्रत्येकाचा पट्टा वेगळा करावा.

दोष कोणाचा? आमच्या मते कार्पेंटरने वाट अडवली हे खरे दिसते. पण दोन गावच्या पैलवानांची कुस्ती असावी, दोन्ही गावचे कुस्तीचे नियम निराळे असावेत, आणि पंच सगळे एकाच गावचे असावेत, तर दुसऱ्या गावाला निकाल पटेल कसा? अमेरिकेच्या संघाने पुन्हा पळायचे नाही असे ठरवले. रॉबिन्स पळाला नाही. टेलरही पळाला नाही.

इथे क्षणभर थांबून टेलरचा विचार केला पाहिजे. भांडण झाले ते कार्पेंटरचे आणि हाल्सवेलचे. टेलरने कोणाला कोपर लावले नव्हते, कोणाची वाट अडवली नव्हती. उलट त्याचीच शर्यत अर्धवट तोडली गेली. आता त्याला स्वतंत्र पट्टा मिळत होता. अडवणारे कोणी नव्हते. हाल्सवेलला तो हरवू शकला असता की नाही, ते कोण सांगणार? पण दुसरा किंवा तिसरा नंबर तर नक्कीच होता. पदक समोर दिसत होते. तरी तो आपल्या सोबत्यांबरोबर बाजूला उभा राहिला.

२५ जुलैला हाल्सवेल एकटाच पळाला. शेजारचे पट्टे रिकामे. ५० सेकंदांत त्याने शर्यत पुरी केली आणि सोन्याचे पदक त्याला मिळाले. त्यालाही ते गोड लागले नसावे, कारण त्यानंतर त्याने शर्यती लवकरच सोडून दिल्या. १९१५ साली पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये तो गोळी लागून मेला.

ह्या भांडणातून एक झाले. सगळ्या देशांना मिळून एकच नियम पाहिजेत हे लोकांना पटू लागले. १९१२ साली धावण्या-उड्यांच्या खेळांची जागतिक संघटना निघाली. चारशे मीटरची शर्यत पट्टे आखून घेण्याची रीतही पुढे पक्की झाली.

चौघांची शर्यत

त्याच दिवशी, म्हणजे २५ जुलैला, आणखी एक शर्यत होती. ही चौघांनी मिळून पळायची. पहिला पळत जाऊन दुसऱ्याला सोडतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा चौथ्याला. तिला रिले म्हणतात. पूर्वी डाकेची थैली एक हरकारा दुसऱ्या हरकाऱ्याच्या हवाली करी, तसाच हा प्रकार.

अमेरिकेचे चौघे असे : हॅमिल्टन २०० मीटर, कार्टमेल २०० मीटर, टेलर ४०० मीटर आणि शेवटी शेपर्ड ८०० मीटर. ह्यांतला कार्टमेल टेलरच्याच विद्यापीठातला. टेलरची पाळी तिसरी. दोन दिवसांपूर्वी जे अंतर त्याला पुरे करू दिले नव्हते, तेच चारशे मीटर आता त्याच्या वाट्याला आले. ह्या वेळी कोणी थांबवले नाही. त्याने आपला टप्पा पळून पुढची धाव शेपर्डच्या हवाली केली. सगळे मिळून सोळाशे मीटर अमेरिकेने ३ मिनिटे २९.४ सेकंदांत पुरे केले. जर्मनी दुसरी, हंगेरी तिसरी.

अशा रीतीने जॉन टेलरला सोन्याचे पदक मिळाले. अमेरिकेतल्या काळ्या माणसाने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले हे पहिले सोन्याचे पदक. चार वर्षांपूर्वी, १९०४ साली, जॉर्ज पोएज ह्या काळ्या खेळाडूला तिसऱ्या नंबरची पदके मिळाली होती. सोने मात्र कोणाला मिळाले नव्हते.

ताप

टेलर घरी परत आला. हातात पदवी, गळ्यात पदक, वय पंचवीस. आता कामधंद्याला लागायचे.

पण त्याला ताप भरला. हा ताप टायफॉइडचा. आपल्याकडे त्याला विषमज्वर म्हणतात, मुदतीचा तापही म्हणतात. २ डिसेंबर १९०८ रोजी फिलाडेल्फियात टेलर वारला. लंडनची शर्यत जिंकल्याला तेव्हा चार महिने आणि सात दिवस झाले होते.

एवढा धट्टाकट्टा माणूस तापाने कसा गेला? तर हा ताप माणसाची ताकद बघत नाही. त्याचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. रोग्याच्या मैल्यातून ते बाहेर पडतात. तो मैला पाण्यात उतरला, किंवा माशीच्या पायाला लागून अन्नावर आला, किंवा न धुतलेल्या हाताने भाकरीला लागला, की ते दुसऱ्याच्या पोटात जातात. मग ताप हळूहळू चढतो. एका दिवसात नाही, आठवडाभर चढत राहतो. आतड्यांना जखमा होतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतडे फाटण्याची भीती असते, आणि तसे झाले तर जिवावर बेतते.

कधी कधी माणूस बरा होतो, पण जंतू त्याच्या पोटात वर्षानुवर्षे राहतात. त्याला स्वतःला काही होत नाही, दुसऱ्यांना मात्र होते. न्यूयॉर्क शहरात मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. ती स्वतः ठणठणीत. पण ती ज्या घरी रांधी, त्या घरी लोक तापाने पडत. तिला १९०७ साली शोधून काढले, म्हणजे टेलर वारला त्याच्या आदल्याच वर्षी.

टेलर आजारी पडला तेव्हा ह्या तापावर औषध नव्हते. अंग पुसायचे, पेज पाजायची आणि वाट बघायची. जंतू मारणारे पहिले चांगले औषध १९४८ साली वापरात आले. आज औषधे आहेत, लसही आहे. मात्र औषध डॉक्टरने सांगितले तितके दिवस पुरे घ्यावे लागते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडले, तर ताप उलटतो, आणि जंतूंवर औषध चालेनासे होते. काही ठिकाणचे जंतू आता जुन्या औषधांना दाद देत नाहीत.

फिलाडेल्फिया शहर दोन नद्यांचे पाणी पीत असे, एक डेलावेअर आणि दुसरी स्कूलकिल. त्याच नद्यांत वरच्या गावांची आणि कारखान्यांची घाण येई. शहरात दर वर्षी टायफॉइडने पुष्कळ माणसे मरत. टेलरच्या पोटात जंतू ह्याच पाण्यातून गेले की दुसऱ्या कशातून, हे आम्ही म्हणत नाही. पण त्या वर्षांत शहराने नदीचे पाणी गाळायला मोठाले हौद बांधायला घेतले होते. त्यांच्या तळाशी खडी आणि तिच्यावर वाळूचा जाड थर. पाणी वरून सोडायचे, ते सावकाश झिरपत खाली येते आणि घाण व बहुतेक जंतू वाळूतच अडकतात. ह्या हौदांचे काम १९०९ च्या सुमारास पुरे होत आले, आणि शहरातला टायफॉइड झपाट्याने उतरला. पुढे पाण्यात क्लोरीन टाकू लागल्यावर तो आणखी कमी झाला.

टेलरला शहराजवळ कॉलिंगडेल येथे ईडन नावाच्या दफनभूमीत पुरले. ही दफनभूमी १९०२ साली काळ्या लोकांसाठी काढलेली. मेल्यावरसुद्धा जागा वेगळी लागे, असा तो काळ.

टेलरच्या आईबापांना एक पत्र आले. ते अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या वतीने हॅरी पोर्टर ह्याने लिहिले होते. टेलर धावपटू म्हणून मोठा होताच, पण माणूस म्हणून त्याने उमटवलेला ठसा त्याहून खोल आहे, असे त्यात होते. मिरवणे त्याला ठाऊक नव्हते, आणि जिथे जाई तिथे तो लोकांना आवडे. पत्रात टेलरचे नाव बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या जोडीला ठेवले होते. बुकर वॉशिंग्टन म्हणजे गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढे काळ्या मुलांसाठी मोठी शाळा चालवणारे पुढारी.

पत्र लिहिणारा पोर्टर स्वतः गोरा. लंडनला उंच उडीत त्याने सोन्याचे पदक मिळवले होते.